काश्यप गोत्राचा यारोबा

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी डॉक्टर काशीनाथ बेहेरे यांनी दोनदा दाढी केली, कारण पहिल्यांदा केलेली त्यांच्या लक्षातच राहिली नाही. अकरा वाजता एक बाई येणार होती. मोराव्हियातल्या, म्हणजे चेक मुलखातल्या, एका खेड्यातून दोन दिवस व्हॅन चालवत ती नॉटिंगहॅमला येत होती, काशीनाथांच्या मेलेल्या शेजाऱ्याच्या अस्थी न्यायला. अस्थी काशीनाथांकडे नव्हत्या. त्या त्यांनी मार्चमध्येच नदीत सोडल्या होत्या, आणि ही गोष्ट त्या बाईला अजून कळवलेली नव्हती.

अडाणी माणूस चुकला तर लोक सांभाळून घेतात. पण शहात्तर वर्षांच्या, शिकल्यासवरलेल्या, उभा जन्म हॉस्पिटलात काढलेल्या माणसाला सहा महिन्यांत चार ओळींचं एक ईमेल लिहवत नाही, याला भित्रेपणाशिवाय दुसरं नाव नाही. काशीनाथ स्वतः त्याला योग्य वेळ बघणं म्हणत होते.

काशीनाथ भूल देणारे डॉक्टर. हा धंदाच मुळात एकट्याचा. सर्जनला लोक ख्रिसमसला वाइनची बाटली आणून देतात, नर्सला चॉकलेटं देतात. भूल देणाऱ्याची आणि पेशंटची ओळख दहा आकडे मोजेपर्यंतची. चाळीस वर्षांत त्यांनी निम्मं नॉटिंगहॅम झोपवलं असेल, पण सुपरमार्केटच्या रांगेत त्यांना कधी कुणी ओळख दाखवली नाही. शहात्तर साली ते पुण्याहून आले, वर्षभराने विमलाबाई आल्या. मुलगी देविका इथेच जन्मली, इथेच शिकली, आणि आता स्लाऊला एका सॉफ्टवेअर कंपनीत असते. सहा वर्षांपूर्वी विमलाबाई गेल्या. मग घरात उरले काशीनाथ, आणि दोन घरांच्या सामाईक भिंतीपलीकडे यारोबा.

यारोबाचं खरं नाव यारोमीर व्होत्रुबा. हे नाव जिभेवर बसेना म्हणून विमलाबाईंनी त्याचा यारोबा केला, खंडोबा-म्हसोबाच्या चालीवर, आणि तो त्याला कायमचा चिकटला. नावाला साजेसा कडकपणाही अंगात होता. नैवेद्यात जरा कमीजास्त झालं की कोपायचा.

यारोबा कवी होता. साधासुधा नव्हे, राष्ट्रकवी म्हणावा अशा जातीचा. फक्त राष्ट्राला त्याचा पत्ता नव्हता. जर्मन फौजा त्याच्या देशात शिरल्या त्या वर्षी, एकोणचाळीस साली तो जन्मला. तो तीन वर्षांचा असताना गावच्या चर्चची घंटा तोफा ओतायला म्हणून उतरवून नेली गेली, आणि त्याची आई रस्त्याच्या कडेला उभी राहून रडली. ही त्याची पहिली आठवण. एकोणिसाव्या वर्षी छापलेल्या पहिल्या पुस्तकात घंटा, आई, माती आणि भाषा यांच्याखेरीज म्हणे काही नव्हतंच. अडुसष्ट साली रशियन रणगाडे आले. त्यांची वाट चुकावी म्हणून लोकांनी रातोरात गावोगावच्या पाट्या काढून टाकल्या. यारोबाने त्यावर एक कविता लिहिली: गावा, तुझं नाव पुसून टाक, परक्याला ते सांगू नकोस, आम्हाला ते पाठ आहे. ती कविता हाताने उतरवून भिंतींवर चिकटवली गेली, पोरांनी तोंडपाठ केली. वर्षभरात पोलीस दाराशी यायला लागले आणि तीस वर्षांचा यारोबा एका सुटकेसनिशी देशाबाहेर पडला. मागे ग्रंथालयांतून त्याची पुस्तकं निघाली. इकडे नॉटिंगहॅमला सायकलच्या कारखान्यात तो बावीस वर्षं चाकांना तारा बसवत राहिला, आणि घरी आल्यावर चेक भाषेत कविता लिहीत राहिला. टोरांटोचा कुणी निर्वासित त्यांच्या तीनतीनशे प्रती छापायचा. त्यातल्या दोनशे यारोबाच्याच माळ्यावर पडून असत.

तिकडची राजवट कोसळल्यावर, एक्याण्णव साली, तो एकदा गावी गेला आणि पाच दिवसांत परत आला. पाट्या सगळ्या जागेवर होत्या. बसच्या ड्रायव्हरने तिकीट देताना हसून म्हटलं, अशी भाषा आमचे आजोबा बोलायचे. ग्रंथालयात त्याचं एक पुस्तक सापडलं नाही. आणखी दोन वर्षांत तर ज्या देशासाठी तो जन्मभर घसा फोडत होता तो देशच दोन तुकडे होऊन नकाशावरून नाहीसा झाला. यारोबा रुसला. पुन्हा त्या मातीत पाय ठेवणार नाही म्हणाला, आणि नाही ठेवला. काशीनाथांनी शेजारचं घर घेतलं ते याच वर्षी.

इंग्रजी त्याला येत होतं, पण पन्नास वर्षं तो ते मुद्दाम वाईट बोलला. चांगलं बोललो तर इथला होईन, म्हणायचा. पायरीवर काशीनाथांच्या शेजारी बसून, बस ड्रायव्हरलाही कळू नये अशा उच्चारात तो या देशात परके लोक फार झाल्याची तक्रार करी, आणि काशीनाथ मान डोलावून हो म्हणत. कधी रंगात आला की चेकमध्ये कविता म्हणायचा. काशीनाथांना एक शब्द कळायचा नाही, पण आवाज चांगला होता. विमलाबाई गेल्या तेव्हा हाच माणूस तेरा दिवस रोज दुपारी लसणीचं सूप घेऊन आला. एक अक्षर बोलला नाही. भांडं ओट्यावर ठेवायचा, कालचं रिकामं उचलायचा आणि जायचा. ते तेरा दिवस काशीनाथ विसरले नाहीत. पुढची सहा वर्षं दुपारी चार वाजले की दोघं मागच्या पायरीवर बसत. मधल्या कुंपणाची एक फळी त्यासाठी त्यांनी काढूनच टाकली होती.

गेल्या फेब्रुवारीत यारोबा झोपेतच गेला. भिंतीतून येणारा रेडिओ दुपारपर्यंत बंद होईना म्हणून काशीनाथ किल्ली घेऊन गेले तेव्हा कळलं. दवाखान्याच्या फॉर्मवर नेक्स्ट ऑफ किन, जवळचा नातलग म्हणून त्याने काशीनाथ बेहेरे लिहिलं होतं आणि नात्याच्या रकान्यात शेजारी. टेबलाच्या खणात एक चिठ्ठी निघाली: दहन करा, पाद्री नको. एवढंच. ना बायको, ना मूल, ना भाऊ.

काशीनाथ फार देवधर्म करणाऱ्यातले नव्हते, पण माणूस बेवारस जाऊ नये एवढा एक संस्कार त्यांच्यात पक्का मुरलेला होता. गल्लीत कुणी एकटं गेलं की त्यांचे वडील ऑफिसला दांडी मारून खांदा द्यायला जात. काशीनाथांनी तेच केलं. हिरव्या प्लॅस्टिकच्या बरणीतून अस्थी आल्या त्या त्यांनी मांडीवर धरून टॅक्सीने लेस्टरजवळ सोअर नदीवर नेल्या. तिथे विसर्जनासाठी बोट मिळते, सोबत एक गुजराती महाराज असतात. विमलाबाईंच्या अस्थी तिथेच सोडल्या होत्या, आणि आपल्याही कधीतरी देविका तिथेच सोडेल असं काशीनाथ धरून चालले होते. महाराजांनी गोत्र विचारलं. काशीनाथ म्हणाले, माहीत नाही. महाराज म्हणाले, मग काश्यप म्हणा. गोत्र माहीत नसलेल्याला काश्यप, ही रीत काशीनाथांनाही ठाऊक होती. तेव्हा काश्यपगोत्री यारोमीर तीळ, फुलं आणि दुधाच्या धारेसह सोअर नदीत गेला, आणि परत येताना काशीनाथांना पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं.

तिथीचा घोळ होता तरी विसर्जनापासून मोजून दहाव्या दिवशी त्यांनी कुंपणावर भाताचा पिंडही ठेवला. नॉटिंगहॅमच्या कावळ्यांना आपल्याकडून काय अपेक्षा आहे याची कल्पना नसावी. दोन काळेपांढरे मॅगपाय पक्षी येऊन बघून गेले, एक कबूतर शेजारी बसून राहिलं, कावळा झाडावरून खाली उतरेना. मेलेल्याचं मन कशात अडकलं असेल ते ओळखून वचन द्यायचं असतं. काशीनाथ म्हणाले, बाबा रे, तुझी कवितांची खोकी मी फेकणार नाही. मग म्हणाले, तुझ्या दूतावासाला कळवीन. कावळा ढिम्म. दीड तास थंडीत कुडकुडल्यावर त्यांनी लॉनमधलं लांब गवत उपटून त्याचा कावळा वळला, दर्भाचा करतात तसा, आणि पिंडाला शिववला. शास्त्राला हे चालतं. यारोबाला चालत असेल का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

दूतावासाला मात्र दिल्या शब्दाप्रमाणे त्यांनी लिहिलं. एप्रिलमध्ये उत्तर आलं ते दूतावासाचं नव्हतं. यारोबाच्या गावच्या ग्रंथपाल बाईंचं होतं, आलेना नावाच्या. गावाचं नाव काशीनाथांना शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही, म्हणून ते इथेही राहू दे. सातशे वस्तीचं गाव. आलेनाने साध्या इंग्रजीत लिहिलं होतं की गेल्या काही वर्षांत गावाने यारोमीरची देश सोडण्याआधीची तिन्ही पुस्तकं पुन्हा छापली, शाळेत पाट्यांची कविता शिकवतात, चर्चला नवी घंटा आली तिच्यावर त्याची एक ओळ कोरलेली आहे. गावाने त्याला तीन पत्रं पाठवली होती. तिसऱ्याला एका पोस्टकार्डावर उत्तर आलं: येईन, पण चालत नाही येणार. गावाने त्याचा अर्थ बरोबर लावला. कबरस्तानात आईच्या शेजारची जागा राखली, दगडावर नाव कोरून घेतलं. अठ्ठावीस ऑक्टोबरला, त्यांच्या स्वातंत्र्याच्या दिवशी, सगळं गाव जमेल. अस्थी न्यायला मी स्वतः येते, आलेनाने लिहिलं होतं, आणि शेवटी आभार मानले होते: तुम्ही त्यांना सांभाळलंत.

काशीनाथ पत्र हातात धरून पायरीवर बसले आणि त्यांना सगळं आठवलं. यारोबाने सांगायचा प्रयत्न केला होता. एकदा दोघं पानं गोळा करत असताना, एकदा तो न्यूमोनियातून उठला तेव्हा, आणि एकदा याच जानेवारीत. तिन्ही वेळा सुरुवात तीच, काशी, मी मेलो की. आणि तिन्ही वेळा काशीनाथांनी त्याला तिथेच अडवलं होतं. शुभ बोल नाऱ्या, ते मराठीत म्हणत, आणि यारोबाला या शब्दांचा अर्थ सवयीने कळू लागला होता. तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे काशीनाथांच्या आईने त्यांना ठासून शिकवलेलं. हॉस्पिटलात त्यांनी परक्यांच्या मरणाबद्दल परक्या भाषेत पुष्कळ बोलणी केली. घरातल्या माणसाच्या मरणाबद्दल बोलायचं नाही, आणि यारोबा घरातला झाला होता. तो घरातला झाला नसता तर आज आपल्या आईजवळ पोचला असता.

खरं तर त्याच दिवशी कळवायला हवं होतं. त्यांनी तीन ईमेलं लिहिली आणि तिन्ही खोडली. चौथं पाठवलं त्यात फक्त एवढंच होतं की आपलं स्वागत आहे, कवितांची अकरा खोकी तयार आहेत. अस्थींचा शब्द नव्हता. त्यानंतर महिने असे सरले की कळवायची लाज रोज थोडी वाढत गेली.

आदल्या रविवारी त्यांनी देविकाला फोनवर सगळं सांगितलं. ती मुलांच्या स्विमिंगला बाहेर गाडीत बसली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि लगेच उपाय काढला, प्रोजेक्टमधली अडचण सोडवावी तसा.

"बाबा, यू आर ओव्हरथिंकिंग धिस. तुम्ही सांगा ना, की त्याचा इच्छा तसाच होता. रिव्हर पाहिजे होता त्याला. हू इज गोइंग टू चेक?"

काशीनाथ म्हणाले, बघतो. देविका म्हणाली, लव्ह यू, नीट खा, आणि फोन ठेवला. उपाय वाईट नव्हता. रविवारपासून मंगळवारपर्यंत त्यांनी तो मनातल्या मनात पाठ केला. नदी हवी होती त्याला.

आलेना अकराला पाच मिनिटं कमी असताना आली. साठीच्या आतबाहेरची, उंच, कापलेले पांढरे केस, पायात चिखलाचे बूट. बूट तिने न सांगता दाराशी काढले, आणि का कोण जाणे, त्यामुळे काशीनाथांना आणखीच अपराधी वाटलं. तिच्या हातात एक लाकडी पेटी होती, हातभर लांब, बिनरंगाची. गावच्या सुताराने लिंडेनच्या लाकडाची केलीय, तिने सांगितलं, त्याच्या बापाला यारोमीरने शाळेत असताना बदडलं होतं. ती हसली. पेटी तिने जेवणाच्या टेबलावर ठेवली. झाकणाला आतून पांढरं कापड लावलेलं होतं आणि टाके हाताचे होते.

काशीनाथांनी पोहे केले होते. तिने एक घास चवीने खाल्ला आणि विचारलं, ते कुठे आहेत?

"अस्थी माझ्याकडे नाहीत," काशीनाथ म्हणाले. "मार्चमध्ये मी त्या नदीत सोडल्या. आमच्यात तसं करतात. तुम्हाला तेव्हाच लिहायला हवं होतं. धीर झाला नाही."

आलेनाने चमचा बशीत ठेवला. मग तिने विचारलं की थोड्याही उरल्या नाहीत का. काशीनाथ म्हणाले, नाहीत, बरणीसुद्धा धुऊन टाकली. तिने नदीचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. ती कुठे जाते विचारलं. ट्रेंटला मिळते, मग समुद्राला, काशीनाथ म्हणाले, आणि शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून उभे राहिले.

"त्यांनी तुम्हाला तसं सांगितलं होतं का?" आलेनाने विचारलं. तिचा आवाज मऊ झाला होता. "म्हातारपणी माणसाचं मन बदलतं. पोस्टकार्डाला तीन वर्षं झाली. त्यांनीच नदी म्हटलं असेल, तर मी गावात तसं सांगेन. लोक ऐकतील. कवीचं सगळेच ऐकतात."

पाठ केलेलं वाक्य जिभेवर तयार होतं, आणि बाईने स्वतःच दार उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्या क्षणी काशीनाथांना अठ्ठावीस तारखेचं ते गाव दिसलं, सातशे माणसं, ताजी खणलेली जागा, आणि उभी राहून बोलणारी आलेना: आपल्या कवीने शेवटी आपल्याला नाही म्हटलं. जन्मभर हाच माणूस घर, माती, आई करत राहिला, आणि त्याचा शेवटचा शब्द म्हणून गावाच्या कानी पडणार तो काशीनाथांनी रचलेला. एकदा त्याला पोलिसांनी हद्दपार केलं होतं. आता शेजाऱ्याने करायचं होतं.

"नाही," काशीनाथ म्हणाले. "नदी त्याने मागितली नव्हती. मी त्याला विचारलंच नाही. तीनदा तो सांगायला लागला आणि तिन्ही वेळा मीच त्याला बोलू दिलं नाही. आमच्यात मरणाचं बोलणं अशुभ मानतात." मग त्यांना राहवलं नाही. "मी भूल देणारा डॉक्टर आहे, मॅडम. चाळीस वर्षं मी पेशंटला विचारल्याशिवाय, त्याची सही घेतल्याशिवाय सुई टोचली नाही. आणि ह्याला विचारलं नाही. ह्या एकाला."

आलेना रागावली. ओरडली नाही, पण तिने पेटी टेबलावरून उचलून मांडीवर घेतली, जणू ती आता त्या टेबलावर ठेवण्यासारखी राहिली नव्हती. चेकमध्ये काहीतरी पुटपुटली, त्याचं भाषांतर केलं नाही. नदीवर तुम्ही काय म्हणालात, तिने विचारलं. काशीनाथांनी मंत्राचं सांगितलं, तिळाचं सांगितलं, आणि लपवायला आता काही उरलं नव्हतं म्हणून गोत्राचंही सांगितलं. ज्याचं कुळ माहीत नसतं त्याला काश्यप म्हणतात, सगळे जीव शेवटी कश्यपाचेच.

"त्यांना कुळ होतं," आलेना म्हणाली. "आमच्या चर्चच्या वहीत त्यांच्या घराच्या सहा पिढ्यांची नावं आहेत."

काशीनाथांनी मान खाली घातली. मग ते खोकी दाखवायला उठले.

अकरा खोकी त्यांनी दोघांनी मिळून व्हॅनमध्ये नेली. काशीनाथांची कंबर दुखत होती, पण त्यांनी एकही खोकं तिला एकटीला उचलू दिलं नाही. सगळी चढल्यावर आलेना गाडीत बसेल असं त्यांना वाटलं. ती परत आत आली, पुन्हा बूट काढले, आणि पिशवीतून एक जाड वही काढून खुर्चीवर बसली. ती म्हणाली, पेटी रिकामी पुरू, लोकांना मी खरं ते सांगेन. पण लोक मला दुसरंच विचारतील. तीस वर्षांचा यारोमीर गावाला माहीत आहे. त्यानंतरची पंचावन्न वर्षं कुणालाच माहीत नाहीत. ती तुमच्याकडे आहेत. ती तरी मला द्या.

काशीनाथांच्या छातीवरचं ओझं एकदम हलकं झालं. हे त्यांना जमण्यासारखं होतं. दिवस पुरणार नाही, ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून समोर बसले. त्यांनी सायकलच्या कारखान्याचं सांगितलं, मुद्दाम वाईट बोललेल्या इंग्रजीचं, परक्या लोकांबद्दलच्या तक्रारींचं, लसणीच्या सूपाच्या तेरा दिवसांचं. एकदा त्याला मंडळाच्या गणपतीला नेलं होतं आणि त्याने अकरा मोदक खाल्ले, तुपाशिवाय. दर अठ्ठावीस ऑक्टोबरला खिडकीत झेंडा लावायचा आणि त्या दिवशी कुणाशी बोलायचा नाही. तो टोपी कुठली घालायचा, पाव कुठून आणायचा, गोगलगायींना कुठल्या शिव्या द्यायचा, सगळं सांगितलं. आलेना भराभर लिहीत होती, एकदोनदा हसलीही.

मग काशीनाथ पुन्हा सूपावर आले, आणि ते आपण सांगून झालंय हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाऊण तास झाला होता. आणखी काही आठवेना.

मग आलेनाने एकेक विचारायला सुरुवात केली. त्यांच्या आयुष्यात कुणी बाई होती का? काशीनाथ म्हणाले, एक फोटो होता, कुणाचा ते माहीत नाही. देश सोडला त्या दिवशी आईला भेटून निघाले होते का? माहीत नाही. एक्याण्णव साली आईच्या कबरीवर जाऊन आले का? काशीनाथांना माहीत नव्हतं. रात्री झोप लागायची का, भीती कशाची वाटायची? माहीत नाही. खोकी चढवताना मी वह्यांवरची सालं पाहिली, शेवटची वही दोन हजार अकराची आहे, आलेना म्हणाली, त्यानंतर एकही कविता नाही, त्यांनी लिहिणं का थांबवलं? त्याने लिहिणं थांबवलं होतं हेच काशीनाथांना आत्ता कळत होतं. तेरा वर्षं भिंतीपलीकडे तो टेबलाशी बसून लिहितोय अशीच त्यांची समजूत होती.

"एकतीस वर्षं तुम्ही शेजारी होतात," आलेना म्हणाली. तिच्या बोलण्यात आता राग नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हतं. "त्यांनी तुम्हाला काहीच सांगितलं नाही?"

"सांगायला लागायचा," काशीनाथ म्हणाले.

"मग?"

"त्याचा आवाज जरा जड झाला की मी चहा टाकायला आत जायचो. परत येईपर्यंत तो गप्प झालेला असायचा. ते मला बरं वाटायचं."

आलेनाने पेनाला टोपण लावलं होतं. तिने ते काढलं आणि हेही लिहून घेतलं.